स्टाऊट बिघडली होती का?

माझी मुलगी अमेरिकेहून आली तेव्हा तिच्या बॅगेत दोन स्वेटरांत गुंडाळलेल्या बिअरच्या दोन बाटल्या होत्या. आमच्या घरात त्याआधी कधी बाटली आली नव्हती. ऐकणाऱ्याला हे खरं वाटत नाही, कारण माझी सगळी नोकरी चिकलठाण्याच्या एका बिअर कंपनीत गेली. मी क्वालिटीच्या लॅबमध्ये होतो. रोज सकाळी साडेदहाला टाक्यांमधले नमुने यायचे, ते चाखायचे, थुंकायचे आणि सही करायची. आजोबा भिक्षुकी करायचे, वडील कचेरीत कारकून होते. मुलगा 'केमिकल कंपनीत' आहे एवढंच वडिलांना शेवटपर्यंत माहीत होतं. कंपनीतलं कंपनीत ठेवून मी हात-तोंड धुऊन घरी यायचो.

"बाबा, ही साधी बिअर नाही," मुलगी म्हणाली. "इम्पीरियल स्टाऊट, म्हणजे काळी, कडक बिअर. बर्बन व्हिस्की काढून घेतल्यावर जी लाकडी पिंपं उरतात ना, त्यात वर्षभर मुरवलेली. मी तिथं सगळ्यांना सांगितलंय, माझे बाबा एका घोटात सांगतील यात काय काय आहे ते."

मी हसलो. पण कोरोनात मला वास येणं बंद झालं होतं, आणि ते मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

आधी तीन-चार महिने काहीच येत नव्हतं. मग यायला लागलं, पण सगळ्याचा एकच वास. चहा, साबण, कांदा, उदबत्ती, काहीही नाकाशी धरा, जळक्या रबरासारखं यायचं. तेव्हा निवृत्तीला एक वर्ष राहिलं होतं. ज्याची भाकरी नाकावर चालते त्याने नाक गेल्याचं सांगायचं कुणाला? मी गप्प राहिलो आणि ते वर्ष काढलं. कसं काढलं, तर मामांच्या तोंडाकडे बघून.

मामा म्हणजे आमच्या टाक्यांवरचे जुने कामगार. देवगाव रंगारी या गावचे, धनगर समाजातले. सगळी कंपनी त्यांना मामाच म्हणायची. नमुने घेऊन तेच यायचे आणि माझ्याबरोबर एक घोट तेही चाखायचे. शाळा फार शिकले नव्हते, पण जीभ अशी की टाकीत जरा काही इकडचं तिकडं झालं की मशीनच्या आधी त्यांना कळायचं. मामांचा चेहरा सरळ असला की मी सही करायचो. भुवई हलली की म्हणायचो, "ही टाकी दोन दिवस थांबवा."

म्हणून मीच मुलीला म्हटलं, "मामांना बोलावू. त्यांनाही चाखायला मिळेल." तिला आनंद झाला. कंपनीतल्या दसऱ्याच्या पूजेला ती लहानपणी मामांच्या खांद्यावर बसून यायची. खरं कारण मी तिला सांगितलं नाही.

रविवारी अकराच्या सुमाराला मामा आले. एसटीनं, आणि स्टँडवरून रिक्षानं. पिशवीत तुरीच्या शेंगा होत्या. बायकोनं त्या मीठ घालून उकडायला ठेवल्या. मामा सोफ्यावर न बसता खुर्चीच्या कडेवर बसले, कंपनीत बसायचे तसेच.

बाटली फ्रिजमध्ये ठेवायची नाही, असं मुलीनं बजावलं होतं. आमच्याकडे तसले ग्लासही नव्हते, म्हणून आइस्क्रीमचे पाय असलेले काढले. तिनं ओतली. काकवीसारखी काळी, दाट. वर तपकिरी फेस, तोही पाहता पाहता बसला.

"आधी बाबा, मग मामा, मग मी. आणि बाबा, बाटलीवरचं वाचायचं नाही."

मी ते सकाळीच वाचलं होतं, ती आंघोळीला गेली तेव्हा, चष्मा लावून.

मामांनी आधी चाखावं असा माझा बेत होता, तो तिथंच फसला. मी ग्लास नाकाशी नेला. जळकं रबर. पण इथं माझा गोंधळ झाला, कारण स्टाऊटमधला माल्ट, म्हणजे मोड आणलेलं सातू, करपवलेला असतो, तिला जळका वास असायलाच हवा. मग हा वास बिअरचा की माझा? घोट घेतला. जिभेवर जड, गोड, मग कडू, घशाला ऊब. आणि जबड्याच्या दोन्ही कडांना चिंच खाल्ल्यावर ओढतं तसं काहीतरी ओढलं. हे काय होतं ते कळेना. आमच्या पिवळ्या, हलक्या बिअरमध्ये असलं काही लागलं असतं तर मी अख्खी टाकी ओतून द्यायला लावली असती. पण या बिअरमध्ये तर आमचे सगळे दोष गुण म्हणून विकायला ठेवले होते. लाकूड आमच्याकडे दोष, करपलेलं दोष, हवा लागून जुनं झालेलं तर मोठाच दोष. मग आंबटही मुद्दाम ठेवलेलं असेल का?

मुलगी माझ्याकडे बघत होती. मी डोळे मिटले आणि सांगितलं, "ओकचं लाकूड. व्हॅनिला. थोडा नारळ. चॉकलेट. मागाहून मनुका."

"आई, बघ! म्हटलं नव्हतं?" ती ओरडलीच. बायको स्वयंपाकघराच्या दारातून कौतुकानं हसली.

मग मामांनी घोट घेतला. तोंडात फिरवला. त्यांचं तोंड वाकडं झालं.

"साहेब," ते हळूच म्हणाले, "ही गेलीय की."

"गेलीय म्हणजे?" मुलीनं विचारलं.

"आंबलीय, बाई. सिरका झालाय तिचा."

"नाही हो मामा, पिंपात मुरवलेली अशीच असते." तिनं स्वतः घोट घेतला. जरा थांबली. पुन्हा घेतला. "आंबट आहे खरी. तिथं प्यायले होते तेव्हा अशी होती का? मला आता आठवतच नाहीये. बाबा, तू तर आंबट म्हणाला नाहीस?"

तिघंही माझ्याकडे बघू लागले. मला मामांची बाजू घेता येत होती, मुलीचीही घेता येत होती. दोन्हीकडून बोलायला मला भरपूर ज्ञान होतं. खरं काय ते मात्र मला माहीत नव्हतं. मी ग्लास खाली ठेवला.

"मला वास येत नाही," मी म्हणालो. "कोरोनापासून. मघाशी सांगितलं ते बाटलीवर वाचलेलं."

बायको उकडलेल्या शेंगा घेऊन बाहेर आली होती. "म्हणजे इतके दिवस मी विचारत होते, भाजी कशी झालीय, आणि तुम्ही 'छान' म्हणत होतात ते?"

मी मान खाली घातली. ती शेंगा आमच्यापुढे ठेवून गॅस बंद करायला आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

"मला ठाऊक व्हतं," मामा म्हणाले.

"काय ठाऊक होतं?" मी विचारलं.

"तुमाला वास नाय येत ते. तुमी ग्लासाकडं बघायचंच सोडलं व्हतं, साहेब. माझ्या तोंडाकडं बघायचे. मंग म्या बी मुद्दाम तोंड करायचो. चांगलं असलं तर सरळ, नाय तर वाकडं. तुमाला दिसावं म्हणून."

इतकी वर्षं मला वाटत होतं की मी त्यांचा चेहरा चोरून वाचत होतो. मी विचारलं, "मामा, माझ्याकडून एखादी खराब टाकी सुटली का?"

"एक सुटत व्हती. तुमी त्या दिशी वर बघितलंच नाय. म्या शिफ्टच्या साहेबाला सांगून थांबवली. तुमचं नाव नाय घेतलं."

त्यांचे आभार मानावेत की आपल्याला सांगितलं का नाही म्हणून चिडावं, हे मला तेव्हा कळलं नाही. अजूनही नीट कळत नाही. मी फक्त "बरं केलंत" म्हणालो. ते शब्द मलाच खोटे वाटले. मामा शेंगा सोलू लागले.

मुलीनं दुसरी बाटली उघडली. मामांनी वास घेतला, घोट घेतला, विचार केला. "ही बी आंबट हाय. पण कमी. का मघाची तोंडात राहिलीय म्हणून वाटतंय, कोण जाणे. असली म्या कधी पिलो नाय, बाई. असंल बी तशीच."

म्हणजे मामांनाही खात्री नव्हती! मुलीनं तिकडच्या दोन मित्रांना मेसेज केले. एकाचं उत्तर आलं की लाकडामुळे किंचित आंबटपणा येतो, तीच तर मजा. दुसऱ्यानं लिहिलं की फेकून द्या, त्या पिंपात काहीतरी शिरलं असणार. आम्ही फेकली नाही. मामांनी आणि मुलीनं थोडी थोडी प्यायली, मी एक घोट घेऊन फक्त जबड्याच्या कडांकडे लक्ष दिलं. ओढत होतं. तेवढं माझं होतं, बाटलीवरचं नव्हतं.

संध्याकाळच्या आत मामांना एसटीत बसवून आलो. खिडकीतून ते म्हणाले, "दवाखान्यात जावा, साहेब. वेळ घालवू नका."

मुलगी परत जायच्या आधी मला औरंगपुऱ्यात नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. वास परत येईल की नाही, हे सांगता येत नाही म्हणाले. रोज सकाळी चार-पाच वस्तूंचा वास घ्यायचा, कशाचा आहे ते मनात आणायचं, एवढंच औषध. बायको डब्या घेऊन बसते. मला डोळे मिटायला लावते. तिचा राग पुरता गेला असं नाही. जेवताना आता ती भाजी कशी झाली ते विचारत नाही, मीठ कमी आहे का एवढंच विचारते.

परवा तिनं नाकाशी एक डबी धरली. मी म्हटलं, "लवंग?"

"कापूर," ती म्हणाली. "वास आला का पण?"

"माहीत नाही," मी म्हणालो. "जळकं रबर नव्हतं. काय होतं ते सांगता येत नाही."

तिनं झाकण लावलं आणि दुसरी डबी उघडली.