दसऱ्यालाही न धुतलेली गाडी

तर काल आपण अंड्यांपाशी थांबलो होतो. खुशालचं हेल्मेट हँडलला टांगलेलं, हेल्मेटात गावरान अंडी, पवनीचा बाजार गाठायची घाई, आणि वळणावर समोरून सुसाट पांढरी कार. अंडी फुटली, पाय मोडला. डोकं रस्त्याकडेच्या भाताच्या तणसाच्या, म्हणजे वाळल्या पेंढ्याच्या ढिगात पडलं, म्हणून आज ही गोष्ट हसत सांगता येते.

खुशाल माझा शेजारी. गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात आमचं गाव गेलं आणि आम्ही या नव्या गावठाणात आलो. त्याचं उंचावरचं वावर वाचलं, पण लांब पडलं. तेव्हापासून मोटरसायकल हेच त्याचे पाय. सकाळी वावर, दुपारी बाजार, जेवायला बसला तरी एक पाय उंबऱ्याबाहेर! आता असा माणूस पायात सळई घालून खाटेवर. दिवसभर त्या खाटेची करकर माझ्या घरात ऐकू यायची.

आमची माणसं फार मायाळू हो. मोडकी गाडी रस्त्यावर बेवारस कशी सोडायची? पोलीस यायच्या आधीच गावातल्या तुलारामने ती आपल्या ट्रॅक्टरवर टाकली आणि खुशालच्या अंगणात आणून उभी केली. दोन दिवसांनी खुशालची बायको गोदावरीबाई बादली घेऊन निघाली. अपघाताची गाडी धुवायची, लिंबू उतरवायचं, नारळ फोडायचा, तेव्हाच ती दारात ठेवायची, अशी आमच्याकडची रीत.

नेमकी त्याच वेळी माझी नात तृप्ती आली. भंडाऱ्याच्या कोर्टात वकील आहे ती. फाटकातूनच ओरडली, "काकू, बादली खाली ठेवा!"

"काहून वो? अपशकुनी मढं कितीक दिस दारात ठेवू?"

तृप्तीने लेगगार्डवरचा पांढरा ओरखडा दाखवला. "तो कारवाला कुलदीप म्हणतो, माझी गाडी लागलीच नाही, खुशालकाका एकटेच घसरले. वळणावर पाहणारं कोणी नव्हतं. त्याच्या कारचा हा रंग तुम्ही घासून काढला, तर मी दावा कशावर उभा करू?"

मग तिने सगळ्यांना समजावलं. आधी पोलिसांत रिपोर्ट, मग गाडीचा पंचनामा, मग भंडाऱ्याला अपघाताच्या न्यायाधिकरणात दावा. त्याला मुदत असते, म्हणून उशीर नको. निकाल आपल्या बाजूने लागला तर भरपाई कारच्या विम्यातून. पाय धड होईपर्यंत खुशालचं वावर आणि बाजार दोन्ही बंद, घर त्या भरपाईवरच चालायचं होतं.

"हेल्मेट होतं का काका?"

"होतं ना! हँडलले. अंडे होते त्याच्यात."

"अंड्यांना हेल्मेट, आणि डोक्याला?"

खुशाल खाली पाहू लागला. "घातलं होतं म्हनून सांगू का?"

"अजिबात नाही. खोटं पकडलं तर खरंही बुडेल. हेल्मेट नव्हतं म्हणून ते भरपाई कमी करा म्हणतील, पण धडक त्याचीच आहे. आणि काका, दर वेळी तणस कोण पसरून ठेवणार?"

रिपोर्ट झाला. पंचनाम्याला दसऱ्यानंतर येतो, असं पोलिसांचं सांगणं. तोवर खुशालचा जीव खालीवर. रस्त्यावर मोटरसायकल वाजली की हा कुबडी घेऊन दारात. गोदावरीबाईची बादली भरलेलीच असायची, म्हणून हा रोज खाट सरकवत सरकवत शेवटी गाडीशेजारीच येऊन झोपला.

दसऱ्याला गावभर गाड्या धुऊन झेंडूचे हार. खुशालची तेवढी चिखलाची, वर वाळलेला अंड्याचा बलक. तुलाराम जाता जाता म्हणतो, "काय जी खुशालभाऊ, गाडीले हळद लागली, वरात कवा?" मी तर पोट धरून हसलो. खुशाल हसला नाही.

तिसऱ्या प्रहरी कुलदीप आला. हातात आपट्याची पानं, मागे टेम्पो, टेम्पोत मिस्त्री.

"सोनं घ्या, खुशालभाऊ. सणाचा दिवस आहे, झालं गेलं सोडा. तुमची गाडी आत्ताच नेतो, नवीकोरी करून आणून देतो. तुम्ही फक्त आमच्या कारचं नाव मागे घ्या."

गोदावरीबाईचा चेहरा उजळला. दारातलं मढं जाणार, सणही गोड होणार! आणि दसऱ्याचं सोनं आमच्याकडे कोणी परत करत नाही, वैरी आला तरी त्याच्या गळ्यात पडायचं. खुशालची नजर गाडीवर. कुबडीवरची मूठ अशी फिरत होती, जशी ॲक्सिलरेटरवर फिरते. त्याने पानं घेतली. एका पायावर तोल सांभाळत कुलदीपला मिठीही मारली. मिस्त्री खूश होऊन पुढे झाला, त्याने हँडल धरलं.

तशी खुशालने कुबडी आडवी घातली आणि म्हणाला, "सोनं घेतलं, गळ्याले लागलो, आता चहा बी पिऊन जा. पन गाडीले हात लावू नको, भाऊ. ते माही साक्षीदार आहे, अन् साक्ष व्हायच्या आंधी साक्षीदाराले कोनी आंघोळ घालते का?"