मल्लाप्पाची उर्दू

मल्लाप्पा गेल्याचं कळलं तेव्हा मी दुकानात गुळाची ढेप फोडत होतो. त्याचे शेजारी रसूलभाई दारात येऊन उभे राहिले. मी सत्तूर खाली ठेवला... विचारायची गरज नव्हती. गेली दीड-दोन वर्षं आम्ही दोघंही या निरोपाचीच वाट पाहत होतो, असं आता वाटतं.

आमच्या ईट गावात मल्लाप्पा आणि मी एका पाटीवर शिकलो. चौथीनंतर मी वडिलांच्या किराणा दुकानात बसलो. तो तालुक्याला गेला. निजामाचं राज्य, तिथं सगळं शिक्षण उर्दूतून. घरी आईशी कानडी, गावात मराठी आणि शाळेत उर्दू, अशा तीन भाषा तो तीन सदऱ्यांसारखा बदलायचा. पण त्याच्या अंगाला खरी बसली ती उर्दू. अक्षर असं देखणं, की तालुक्याच्या कचेरीत त्याला कारकुनी मिळाली ती त्या अक्षरावरच. कचेरीचा सारा कारभार उर्दूत. गावातल्या माणसाला समन्स आलं, की ते घेऊन तो मल्लाप्पाच्या ओट्यावर यायचा. मल्लाप्पा आधी त्याला पाणी द्यायचा, मग कागद वाचायचा आणि त्यात काय लिहिलंय ते साध्या मराठीत दोन-दोनदा समजावून सांगायचा. याचे त्यानं कधी कुणाकडून पैसे घेतले नाहीत. लोक त्याला मुन्शीजी म्हणत. त्याला ते आवडायचं.

निजामाच्या राजवटीचं शेवटचं वर्ष आमच्या भागाला फार वाईट गेलं. आम्ही बायकामुलं घेऊन सरहद्दीपलीकडं बार्शीला गेलो. मल्लाप्पा गेला नाही. आई अंथरुणाला खिळलेली, आणि नोकरी. मागं राहिलेल्या म्हाताऱ्यांना त्यानं त्या दिवसांत धान्य पोचवलं. पण आम्ही परतलो तेव्हा गावात कुजबुज होती, की हा तिकडचाच माणूस. फौज आली, राज्य गेलं, चावडीवर तिरंगा लागला. त्या दिवशी मल्लाप्पानं स्वतः साखर वाटली. काहींनी ती घेतली, काहींनी हात मागं घेतला.

मल्लाप्पाची आईही त्याच सुमारास गेली. पुढं काही महिन्यांनी कचेरीत नवे अंमलदार आले. कारभार मराठीत आणि इंग्रजीत सुरू झाला. मल्लाप्पाला बोलावून त्यांनी एक अर्ज मराठीत लिहायला सांगितला. त्या संध्याकाळी तो घरी न जाता थेट माझ्या दुकानात आला. जोडाक्षराशी हात थांबला, म्हणाला. चाळिशीचा माणूस, आणि अक्षर चौथीतल्या पोराचं. अंमलदार वाईट नव्हते, त्यांनी बसायला खुर्ची दिली होती. पण महिनाअखेरीला त्याचं नाव कमी झालं.

मी त्याला दुकानात बसवलं. संध्याकाळी त्याला मराठी लेखन घोटायला लावलं, आणि महिन्याभरात त्याचा हात बऱ्यापैकी वळूही लागला. पण दुकानात येणारा एखादा सहज म्हणायचा, मुन्शीजी, जरा मीठ तोला. त्यात कुचेष्टा नसायची. मल्लाप्पा मीठ तोलायचा, पुडी नीट बांधायचा, आणि मग बराच वेळ ताजव्याकडं बघत राहायचा. एके दिवशी तो आला नाही. मी घरी गेलो तर भिंतीकडं तोंड करून निजलेला. ताप नाही, दुखणं नाही.

"येतंय रे मला लिहायला, नाना," तो भिंतीकडंच बघत म्हणाला. "पण आता कशासाठी?"

त्यानंतर तो उठला असा नाहीच. गाव म्हणालं आळस आहे, कुणी म्हणालं बाहेरचं आहे. वैद्यांनी चूर्ण दिलं. या दुखण्याला आमच्याकडं नावही नव्हतं. घरात चणचण सुरू झाली. त्याच्या बायकोनं, पार्वतीवहिनींनी, म्हैस विकली, मग हातातल्या पाटल्या. मी ज्वारीचं पोतं पाठवायचो, दुकानात उंदीर झालेत, तुमच्याकडं ठेवून घ्या, असा निरोप देऊन. वहिनी ठेवून घ्यायच्या आणि माझ्या घरी येऊन मुकाट्यानं डाळ भरडून जायच्या. मी नको म्हणालो की त्यांचा चेहरा असा व्हायचा, की पुढं मी नको म्हणणं सोडलं.

वहिनींच्या आग्रहावरून आम्ही त्याला बैलगाडीत घालून सोनारीला काळभैरवाच्या दर्शनाला नेलं. तो निमूट आला, निमूट हात जोडले. येताना करडईची रानं फुललेली होती. तिथं त्यानं आपणहून तोंड उघडलं.

"नाना, मला कुणी काढलं न्हाय. माझी भाषा काढली. भांडू कुणाशी? राज गेलं ते चांगलंच झालं, मला बी ते पाहिजे व्हतं."

अन्याय झाला असता तर त्याच्या बाजूनं मी कुणाच्याही दारात जाऊन उभा राहिलो असतो. इथं दारच नव्हतं. वहिनी डोक्यावरचा पदर पुढं ओढून बैलांकडं बघत राहिल्या...

शेवटी शेवटी तो फक्त रसूलभाईंना उत्तर द्यायचा. त्या दिवसांत रसूलभाई रस्त्यावर मोठ्यानं उर्दू बोलत नसत. मल्लाप्पाच्या उशाशी बसून मात्र हलक्या आवाजात बोलायचे, पीकपाण्याचं, जुन्या मास्तरांचं. मल्लाप्पा एखादा शब्द दुरुस्त करायचा. तेवढाच. पुढच्या थंडीत ताप आला, तेव्हा त्यानं औषधाची वाटी हातानं बाजूला सारली. मी रागावलो, हात जोडले. त्यानं माझ्या मनगटावर थोपटलं, जणू समजूत मलाच घालायची होती.

मल्लाप्पा लिंगायत, त्यांच्यात माणसाला पुरताना बसवतात. इतके महिने आम्ही ज्याला धरून बसवू शकलो नव्हतो, तो त्या दिवशी विभूती लावून ताठ बसला होता. मी माती लोटली. रसूलभाई लांब बाभळीखाली उभे होते. मी हाक मारली तेव्हा आले, मूठभर माती टाकली आणि आले तसे गेले.

परवा वहिनी तुळजापूरला भावाकडं निघाल्या. तिथं यात्रेकरूंसाठी स्वयंपाक करायचं काम मिळतंय. घर बंद करण्याआधी भिंती सारवायच्या होत्या, पण एका भिंतीशी त्यांचा हात थांबला. मल्लाप्पा निजायचा तिथं डोक्याच्या तेलाचा एक काळपट डाग पडला आहे. "भाऊजी, एवढं तुमीच करा," म्हणाल्या. मी पांढरी माती कालवली आणि हात फिरवला. डाग गेला. वहिनींना गाडीत बसवून, किल्ली घेऊन, दुसऱ्या दिवशी कडी बघायला म्हणून गेलो तर माती वाळली होती आणि डाग वर आला होता. मी पुन्हा सारवलं. आज सकाळी जाऊन आलो... तो तिथंच आहे.