प्रदक्षिणेचे बूट

नेपरव्हिलच्या पद्मजाकाकूंना कुणी “हे जमायचं नाही” म्हटलं, की त्या ते करूनच दाखवत. नागपूरहून इथे आल्या तेव्हा सगळे म्हणाले होते, या बर्फात तुळस जगायची नाही. ती जगली. ऑक्टोबर लागला की कुंडी बेसमेंटमध्ये दिव्याखाली यायची आणि काकू रोज तिला एकशे आठ प्रदक्षिणा घालायच्या. अनवाणी, सावकाश, विष्णुसहस्रनाम गुणगुणत.

त्या जानेवारीत रक्तातल्या तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा आला आठ पॉइंट सहा. शिवाय डॉक्टरीणबाईंना काकूंच्या तळपायाला फोड दिसला. काकूंना पत्ताच नव्हता.

“दुखला नाही, हीच काळजी. साखरेने पाय बधिर होतायत,” बाई म्हणाल्या. “अनवाणी चालणं बंद. फोड भरला की दम लागेल असं चाला.”

“अहो, मी रोज तासभर चालते!”

घरी आल्यावर नात अनयाने आपलं घड्याळ आजीच्या मनगटाला बांधलं आणि तिला हॉलमध्येच, सपाता घालून, नेहमीच्या चालीने दहा फेऱ्या घालायला लावल्या. “आजी, हार्ट रेट अठ्ठ्याऐंशी! तू चालत नाहीस, नॅप घेतेस.”

मिहीरने, मुलाने, निकालच लावला. “आई, ट्रेडमिल ऑर्डर करतो. तुळशीच्या जागी बरोब्बर बसेल. कुंडी किचनमध्ये ने.”

“एप्रिलपर्यंत थांब. आकडा साडेसाताच्या खाली आला नाही, तर मी स्वतः कुंडी उचलेन.”

“आणि पायात काय घालणार? चपला घालून प्रदक्षिणा?”

हे मात्र काकूंना झोंबलं. फोड भरेपर्यंत त्या खाली उतरल्याच नाहीत. मग सुनेला म्हणाल्या, “चैत्राली, दुकानात ने मला.” मऊ तळव्याचे कापडी बूट आणले, त्यांना हळदकुंकू लावलं आणि ते देव्हाऱ्याखाली ठेवले.

“कातड्याचे नाहीत,” त्यांनी तुळशीला सांगितलं, “रस्ता यांनी पाहिला नाही, पाहणारही नाहीत. आता चालवून घे.” आणि पदर खोचला.

गरगरू नये म्हणून फेरा मोठा केला: तुळस, वॉटर हीटर, जिना, परत तुळस. वेग असा, की नाम घेता यावं, पण चालीत गाता येऊ नये. पहिल्या दिवशी बाराव्या फेरीलाच धाप लागली. बसल्या, पाणी प्यायल्या, तेरावी घातली. डायबेटिसच्या गोळ्या आधीपासून चालूच होत्या. प्रसादाची मूठभर खडीसाखर मात्र गेली, तुळशीचं एक पान उरलं. इतकी वर्षं ती मूठ त्यांनी खाण्यात धरलीच नव्हती.

“आई, देवाला ट्रेन पकडायचीय का?” मिहीर जिन्यातून ओरडायचा.

“तू तुझी पकड! माझी लय मोडू नकोस.”

एप्रिलमध्ये आकडा आला सात पॉइंट दोन. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “गोळ्या त्याच. जे करताय ते सोडू नका.”

गाडीत मिहीर हसला. “जिंकलीस बाई. ट्रेडमिल कॅन्सल.”

“कॅन्सल कशाला?” काकूंनी त्याच्या पोटाकडे पाहिलं. “मागव की. किचनमध्ये बसेल.”