पावसाचा आकडा

नोरीन पास्को आठवड्यातून दोनदा टपालाची गाडी घेऊन ऑस्ट्रेलियातल्या मॅली भागातल्या गव्हाच्या शेतांमधून फिरायची. एकोणीस वर्षांच्या या फिरतीत एका शब्दावरचा तिचा विश्वास पार उडाला होता. तो शब्द म्हणजे 'मस्त'.

कसं चाललंय? मस्त. मेंढ्या दगावल्या म्हणे? हो, पण बाकी मस्त. सहीला पेन दिलं की "लेजंड आहेस, नोरीन!" आणि पेन परत करणाराही लेजंडच. एवढे थोर लेजंड गावात, पण बंद पडलेली गाडी ढकलायला एक सापडत नाही, असं ती फणकाऱ्यानं म्हणायची. तिचा नवरा केल्विन एका सकाळी छाती चोळत "मस्त आहे गं मी" म्हणाला आणि ती टपाल वाटायला निघून गेली. परतली तेव्हा तो गेलेला होता. त्या सकाळची चीड तिच्या मनातून अजून जात नव्हती; त्याच्यावरची कमी, स्वतःवरची जास्त. तेव्हापासून ती माणसांच्या बोलण्यापेक्षा त्यांच्या अंगणाकडे जास्त लक्ष द्यायची.

हल्ली तिला लायल हेबर्डचं काहीतरी बिनसलंय असा संशय होता. बायको शहरात निघून गेल्यापासून तो शेतावर एकटाच होता. रस्त्यात समोरून गाडी आली की स्टिअरिंगवरचं एक बोट उचलायचं, हा तिथला रामराम. लायलचं बोट महिनाभर उचललं गेलं नव्हतं. तिनं दुकानात विषय काढला, तर दुकानवाल्या ग्लेनिसनं तिलाच वेड्यात काढलं.

"अगं, परवाच येऊन गेला. मस्त आहे म्हणाला."

"तेच तर," नोरीन म्हणाली.

मंगळवारी ती पार्सलाचं निमित्त करून थेट त्याच्या फाटकातून आत शिरली. कुंपणाच्या खांबावर पाऊस मोजायची नळी होती. इकडचा शेतकरी एक वेळ जेवायचं विसरेल, पण सकाळी नळी वाचून, रिकामी करून, आकडा कॅलेंडरवर लिहायचं विसरणार नाही. लायलची नळी काठोकाठ भरलेली होती. पाणी हिरवं पडलं होतं आणि त्यात चिलटं मरून तरंगत होती.

लायल दारात आला. दाढी वाढलेली, पायात नुसते मोजे.

"कसा आहेस?"

"मस्त! तू?"

"ऑगस्टात पाऊस किती झाला रे तुझ्याकडे?"

त्यानं खांबाकडे पाहिलं. मग हळूच म्हणाला, "माहीत नाही."

नोरीननं गाडी बंद केली. बाकीचं टपाल तासभर थांबलं. तिनं चहा केला, नळी धुऊन पुन्हा खांबावर बसवली आणि निघताना बजावलं, "उद्यापासून रोज सकाळी सातला मला फोन करायचा. मस्त-बिस्त काही ऐकायचं नाहीये मला. फक्त आकडा सांगायचा."

"पाऊसच नसला तर?"

"शून्य हाही आकडाच असतो, शहाण्या."

तो फोन करेल याची रात्रभर तिला खात्री नव्हती. सकाळी सात वाजून गेले. ती चपला घालून, किल्ली हातात धरून फोनपाशी उभी राहिली. सात वाजून चार मिनिटांनी फोन वाजला.

"शून्य," लायल म्हणाला.

"बरं."

तो फोन ठेवेना.

"झोपही शून्य, नोरीन. तीन आठवडे झाले."

"आलेच," ती म्हणाली.