दीड ओळीचा घोडेस्वार

लॉकडाउनमध्ये माझ्या आठ वर्षांच्या मुलीने ऑनलाइन वर्गात बोलणंच सोडलं. कॅमेरा बंद, माइक बंद. टीचरने फोन केला, दोन महिने आम्ही तिचा आवाज ऐकलेला नाही म्हणाली. इथे परदेशात, पॉइंट कुकच्या घरात आम्ही नवराबायको काळजीने नुसते एकमेकांकडे बघायचो. मग टीचरनेच सोपं काम दिलं, एका शूर माणसावर दोन मिनिटं बोलायचं.

मुलीने निवडला अमेरिकेतल्या यादवी युद्धातला एक घोडेस्वार. का, तर त्याच्याकडे घोडा होता! गोळीबारात मागे फिरून त्याने जखमी सोबत्याला घोड्यावर घेतलं, म्हणून शौर्यपदक. माहिती एवढीच, दीड ओळ.

दीड ओळीत वीर आटपायचा? छे! शाळेत वक्तृत्व स्पर्धेत मला एकदा उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं होतं. स्पर्धक चारच होते, पण तो किडा काही जात नाही. ऑफिसचं काम सोडून मी दोन पानी भाषण ठोकलं. टापांची धूळ, तलवारींचा खणखणाट, मरणाला हसणारा वीर. सोफ्याच्या हातावर टांग टाकून करूनही दाखवलं.

तिने शांतपणे विचारलं, "वॉज ही स्केअर्ड?"

"वीर कधी घाबरतात का गं?"

"मग मला नाही जमणार. मला भीती वाटते." आणि तिने लॅपटॉप मिटला.

बायको म्हणाली, "तू तरी मीटिंगला कॅमेरा ऑन करतोस का रे? मॅनेजरला टरकतोस, ते सांग की तिला!"

खरंच होतं. नेट स्लो आहे अशा थापा मारून मी चार महिने तोंड लपवत होतो. मान खाली घालून तिला सांगितलं. "रिअली, बाबा?" म्हणत ती जवळ सरकली.

दुसऱ्या दिवशी तिला शेजारी बसवून मी मीटिंगला कॅमेरा ऑन केला. आवाज असा फाटला की मॅनेजर म्हणाला, "यू ओके, मेट?"

शुक्रवारी वर्गात तिचा बोलायचा नंबर. मी दाराआड उभा. कॅमेरा ऑन झाला. माझ्या भाषणाला तिने हातही लावला नव्हता. दीड ओळ वाचली आणि गप्प झाली.

"आय थिंक ही वॉज स्केअर्ड," ती म्हणाली. "माय डॅड इज स्केअर्ड ऑफ हिज बॉस."

वर्ग हसला. तीही खुदकन हसली. इकडे माझ्या अब्रूचं खोबरं, आणि मला रडू आवरेना. टीचरने विचारलं, आणखी काही सांगायचंय?

"येस," म्हणाली, आणि मी कशाकशाला घाबरतो ते सांगत सुटली. दोन मिनिटं कधीच संपली होती.