द्राक्षांच्या रॅकसमोर थांबलेली टीम

पंचवीस मिनिटं झाली तरी एकही टीम परत आली नव्हती. प्राचार्यांनी तिसऱ्यांदा घड्याळ बघितलं.

"मॅडम, तुमचा ट्रेझर हंट झोपला वाटतं."

मी नाशिकच्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. आमच्याकडे ओपन ॲक्सेस आहे, म्हणजे मुलांनी स्वतः आत जाऊन रॅकमधून पुस्तक काढायचं. पण आत कोणी फिरकतच नव्हतं. प्राचार्यांचं म्हणणं, मग ते बंदच करा. मुलं काउंटरवर चिठ्ठी देतील, शिपाई पुस्तक आणून देईल. मला हे अजिबात मान्य नव्हतं. चार पुस्तकं चाळल्याशिवाय पाचवं आवडतं कुठे? म्हणून फर्स्ट इयरच्या मुलांसाठी मी हा खेळ मांडला. फसला तर उद्यापासून आतल्या दाराला कुलूप.

खेळ सोपा होता. प्रत्येक टीमला एक कॉल नंबर, म्हणजे पुस्तकाच्या पाठीवर चिकटवलेला पत्ता. त्यावरून पुस्तक शोधायचं, उघडायचं, आत पुढची चिठ्ठी.

शेवटी मीच आत गेले. ६३४.८, म्हणजे द्राक्षशेतीच्या रॅकसमोर चौघं हाताची घडी घालून उभी.

"सापडलं नाही का रे?"

"सापडलं ना मॅडम, कवाच," सुरगाण्याची यमुना म्हणाली. "हे काय, इथंच हाय."

"मग काढा की!"

"तुमचीच वाट बघतोय. आमच्या शाळेत कपाटाला कुलूप असायचं. सर काढून देतील तेच घ्यायचं." तिनं वर बोट दाखवलं. "अन् इथं तर लिहिलंच हाय."

रॅकवर पाटी होती: 'परवानगीशिवाय पुस्तकांना हात लावू नये.' ओपन ॲक्सेसच्या आधीची. मी रोज तिच्याखालून जात होते. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

स्टूल ओढून मी पाटी उतरवली. "घ्या. उघडा. हातातून पडलं तरी चालेल."

यमुनानं आधी हात ओढणीला पुसले, मग पुस्तक काढलं. बाकीच्या टीम्सही अशाच थांबल्या होत्या; मी त्यांना ओरडून सांगितलं तेव्हा मात्र आत जत्राच भरली. प्राचार्य दारातून बघत होते. "या वर्षी राहू द्या उघडं," एवढंच म्हणाले आणि गेले.

कॉलेज सुटल्यावर शिपाई पवार मामा कपाळाला हात लावून आले. "मॅडम, सगळे रॅक विस्कटलेत. बारा वर्षांत असं कधी झालं नाही."

खरं होतं. बारा वर्षं पुस्तकं जिथल्या तिथे असायची. ती माझी शिस्त, असं मी समजत होते.