बांधलेली पिशवी

दवाखान्यात त्याला सगळे गाठमामा म्हणत. वॉर्डांतला कचरा गोळा करायचा आणि मागच्या भट्टीत नेऊन जाळायचा, हे त्याचं काम. सुया जाड पांढऱ्या डब्यात, पट्ट्या आणि रक्ताळलेला कापूस पिवळ्या पिशवीत. आणि पिशवीला मामाची गाठ एकदा बसली की ती कुणाच्या बापाला सुटायची नाही.

बांधलेली पिशवी उघडायची नाही, हा त्याचा कायदा. कुणाची कवळी पिशवीत जाई, कुणाचा चष्मा, आणि नातेवाईक हात धुऊन मामाच्या मागे लागत. तो सगळं ऐकून घ्यायचा आणि भट्टीचं दार उघडायचा. लोक त्याला दगड म्हणत. म्हणोत बापडे. त्याचा जोडीदार असाच एका बाईच्या रडण्याने विरघळला होता आणि अंगठीसाठी त्याने पिशवी उघडली होती. सुई त्या पिशवीत असायला नको होती, पण होती. ती बोटात शिरली, त्यातून कावीळ झाली, आणि तो धट्टाकट्टा माणूस अंथरुणावर झिजत झिजत गेला.

तेव्हापासून मामाच्या बायकोने एक खूळ घेतलं. संध्याकाळी तो दारात आला की आधी, "हात दाखवा." सगळी बोटं उलटसुलट करून बघितल्याशिवाय चहा नाही.

"मी काय शाळकरी पोर आहे?" तो कुरकुरायचा. पण हात पुढे करायचाच.

पुढे तिचंच पित्ताशयाचं ऑपरेशन निघालं, त्याच दवाखान्यात. सकाळी नर्सने दागिने काढायला सांगितले. दागिने म्हणजे काय, तिच्या आईने जाताना दिलेली कानातली सोन्याची फुलं. ऐनवेळी डबी कुठून आणणार? उशाशी कापूस होता. त्यात गुंडाळून तिने ती टेबलावर ठेवली, आणि सांगायच्या आत स्ट्रेचर आलं.

ती आत गेल्यावर मामाचा जीव थाऱ्यावर राहिना. दुसरा कुणी असता तर बाहेर येरझारा घालत बसला असता. मामाने आवराआवर काढली. टेबलावर कापसाचा बोळा दिसला. वॉर्डातला उघडा पडलेला कापूस म्हणजे कचरा, हे त्याच्या हातांना इतकं पाठ होतं की डोकं मध्ये आलंच नाही. बोळा पिवळ्या पिशवीत गेला, वर गाठ बसली.

ऑपरेशन नीट झालं. दुपारी तिने डोळे उघडले आणि पुटपुटली, "टेबलावरच्या कापसात माझी फुलं आहेत. जपून ठेवा." आणि पुन्हा झोपली. मामा तसाच भट्टीकडे धावला.

पिशवी भट्टीजवळच्या गाडीवर होती. वॉर्डाची चिठ्ठी, स्वतःची गाठ, काही संशय नव्हता. आसपास चिटपाखरू नव्हतं. हातात जाड मोजे होते आणि खिळ्याला कात्री लटकत होती. त्याने ती काढली. बाजूने एक चीर, चिमट्याने बोळा उचलायचा, कुणाला कळणार होतं? कवळीवाल्या म्हाताऱ्याला त्याने परत पाठवलं होतं, तो म्हातारा त्याला आता आठवला. आणि जोडीदाराचे ते पिवळे डोळे आठवले.

त्याने कात्री पुन्हा खिळ्याला लावली. पिशवी आत ढकलली, दार लावलं, आणि तिथेच भिंतीला टेकून तो रडला. राखेत शोधायचीही सोय नव्हती, तीसुद्धा बंद पिंपातूनच जायची.

संध्याकाळी तो साबणाने हात धुऊन तिच्या खाटेशी बसला आणि काही न लपवता सांगून टाकलं. "मीच टाकली, आणि मीच जाळली."

तिने रिकाम्या कानाच्या पाळीला हात लावला. "आईची तेवढीच खूण होती हो," ती म्हणाली.

"पिशवी उघडली होती का?" मग तिने विचारलं.

"नाही."

"हात दाखवा."

त्याने दोन्ही हात पुढे केले. सलाईनच्या सुईचा हात जपत तिने एकेक बोट उलटसुलट करून बघितलं, नेहमीपेक्षा सावकाश.

"सगळी ठीक आहेत," ती म्हणाली, आणि हात काही सोडले नाहीत.